रेघ पेन्सिलीची असते तोवर

नदीकाठच्या गावात जाऊन पूर कुठवर येतो असं विचारलं, तर आकडा कुणी सांगत नाही. जाणती माणसं उठतात, चालू लागतात आणि एखाद्या भिंतीपाशी थांबून तिच्यावर हात टेकवतात. "हितवर आलं हुतं." मारुतीच्या देवळाचा खांब, घाटाची एखादी पायरी, पिठाच्या गिरणीचा उंबरा, पाराचा कठडा, अशी प्रत्येक गावाची आपली खूण असते आणि खुणेला साल जोडलेलं असतं. तेही थोरलीच्या लग्नाचं साल, नाहीतर गोठ्यातली म्हैस वाहून गेली ते साल. मग आमच्यातला एक जण तिथे पट्टी धरतो, दुसरा दुर्बिणीला डोळा लावतो, वहीत वाचन उतरतं आणि त्या म्हाताऱ्या तळहाताची उंची समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये मांडली जाते. तीच महत्तम पूर पातळी. पुलाचा माथा किती वर ठेवायचा, खालून पाणी जायला किती मोकळीक सोडायची, हा सगळा हिशेब तिथून सुरू होतो.

यात अभियंत्याचं औदार्य काही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या लहान पूल आणि मोऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतच लिहिलं आहे की पुराची पातळी जागेवर नीट निरीक्षण करून ठरवावी आणि स्थानिकांकडे चौकशी करून ती पडताळावी. मला हे कलम फार आवडतं. गणिताने भरलेल्या पुस्तकात ते अचानक गावात जायला सांगतं. नदीने स्वतःची नोंद कुठे ठेवली आहे हे तिच्या काठावर राहणाऱ्यालाच ठाऊक असतं, हे त्या रुक्ष भाषेतल्या पुस्तकानेही मान्य केलं आहे.

कोल्हापूर-सांगलीकडे हा व्यवहार उलट्या दिशेनेही चालतो. तिथे अभियंत्याची पट्टीच लोकांच्या तोंडी बसली आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे हेच आकडे ४० आणि ४५. आषाढ-श्रावणात चहाच्या गाड्यावर, एसटीच्या थांब्यावर, दूध डेअरीच्या रांगेत माणसं एकमेकांना विचारतात, "किती फुटाला गेलं?" कशाचे फूट, हे विचारावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या आणि आयर्विनपाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा जनावरं कधी सोडायची, धान्याची पोती माळ्यावर कधी चढवायची, म्हाताऱ्यांना घेऊन कधी निघायचं, याचे निर्णय घरोघरी याच आकड्यांवर घेतले जात होते. ती पट्टी लोकांना आपली वाटते, कारण ती वर्षानुवर्षं एका जागी उभी आहे, रोज खरं सांगते, लोकांना कळणाऱ्या मापात सांगते, आणि ती काय सांगते आहे हे कुणीही काठावर जाऊन स्वतः बघू शकतो. अभियंत्याने लोकांशी कसं बोलावं याचा इतका नेमका धडा मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

मी स्थापत्य अभियंता. धरणं, कालवे, पूल आणि रस्ते यांच्या आखणीत माझं आयुष्य गेलं. या सगळ्या काळात एक गोष्ट मला सतत सलत आली आहे. पुराची पातळी विचारायला आम्ही आनंदाने गावात जातो. म्हाताऱ्याने भिंतीवर ठेवलेल्या हातावर विश्वास ठेवून कोटी-कोटी रुपयांचा पूल उभा करतो. पण तोच म्हातारा जेव्हा सांगतो की रस्ता इथून काढलात तर आमची गुरं ओढ्यावर जायची कुठून, तेव्हा त्याचं बोलणं आमच्या लेखी माहिती राहत नाही, तक्रार होते. पाण्याबद्दल त्याला जे कळतं ते आम्हाला हवं असतं. त्याच्या जगण्याबद्दल त्याला जे कळतं ते मात्र आम्हाला अडथळा वाटतं. दोन्ही ज्ञान एकाच माणसाचं, एकाच जमिनीवरचं, तितक्याच वर्षांच्या अनुभवातून आलेलं असतं.

महाविद्यालयात आम्हाला माती शिकवली, पाणी शिकवलं, लोखंड आणि सिमेंट शिकवलं. चावडीवर कसं बसावं, चिडलेल्या माणसाचं म्हणणं शेवटपर्यंत कसं ऐकावं, नकाशा न वाचता येणाऱ्याला नकाशा कसा सांगावा, हे कुणी शिकवलं नाही. ते मी एका वरिष्ठांकडे बघून शिकलो. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर एका मातीच्या धरणाची आखणी चालू होती. मध्यम प्रकल्प, खोरं अरुंद, दोन्ही अंगांना डोंगर, मधे भातखाचरं आणि काठाला गाव. आम्ही शाळेच्या पडवीत बुडीत क्षेत्राचा नकाशा अंथरला होता. उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. नकाशावर समोच्च रेषांच्या वळ्या आणि त्यांतून फिरलेली एक निळी रेघ होती, पूर्ण संचय पातळीची. माणसं भोवती उकिडवी बसून बघत होती. बघत होती, पण त्यांना दिसत काही नव्हतं. बायका पडवीच्या खाली, पायरीशी उभ्या होत्या.

त्यांतली एक आजी वर आली. नकाशाच्या कडेला बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "सायेब, ह्यात माझी हिर कुठं हाय?"

आम्ही तिघेचौघे एकमेकांकडे बघू लागलो. विहिरींच्या खुणा नकाशावर होत्या. तिची कुठली ते आम्हाला सांगता येईना. वरिष्ठांनी थोडा वेळ नकाशाकडे पाहिलं, मग तो गुंडाळून ठेवायला सांगितला. "आजी, उद्या सकाळी या. सगळ्यांनाच घेऊन या. जमिनीवरच दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डम्पी लेव्हल, पट्टी आणि फक्कीची पोती घेऊन डोंगराच्या कुशीत उतरलो. एरवी ही रेघ आम्ही खुंट्या आणि दगड रोवून आमच्यापुरती काढली असती. त्या दिवशी ती गावासाठी काढली. पट्टीवाला पोरगा पुढे जायचा, दुर्बिणीवरचा माणूस हाताने वर-खाली करायचा, पातळी जुळली की तिथे फक्की पडायची. तासाभरात पांढरी रेघ उतारावरून सरकत निघाली. खाचरांच्या बांधांवरून गेली, आंब्याच्या एका झाडाच्या बुंध्याला वळसा घालून गेली, शाळेच्या वरच्या अंगाने गेली, देवळाच्या पायऱ्या खाली सोडून गाभाऱ्याच्या उंबऱ्याजवळ पोचली. तिच्यामागून सारं गाव चालत होतं. पोरं एक पाय रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे ठेवून उभी राहत होती. हळूहळू पोरांचाही आवाज कमी झाला. कागदावर महिनोन्‌महिने जे कुणाला कळलं नव्हतं ते सकाळच्या उन्हात सगळ्यांना एकाच वेळी कळलं होतं.

आजीची विहीर रेघेच्या बरीच खाली होती. वरिष्ठ तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. "आजी, विहीर वाचत नाही. खोटं सांगणार नाही."

ती काही वेळ विहिरीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "पाणी येकदम येनार का हळूहळू? सुगीच्या आधी का मागनं?"

त्या प्रश्नाचं मोल मला नंतर पुष्कळ वर्षांनी उमगलं. मातीच्या धरणात नदीचा मूळ प्रवाह जिथून जातो ती घळ शेवटी भरतात. घळभरणी कोणत्या हंगामात पुरी करायची यावर पुढच्या पावसाळ्यात पाणी किती चढणार हे ठरतं, आणि गावाला शेवटचं भात घरात घेता येणार की नाही हेही त्यावरच ठरतं. आमच्या वेळापत्रकात घळभरणीची तारीख यंत्रं, मजूर आणि निधी यांवरून पडली होती. आजीच्या तोंडून तिला भाताची कापणी जोडली गेली. आणि मग तिच्यामागून आणखी प्रश्न आले. एक तरुण म्हणाला, "वरच्या वाडीला जायाचं कुठनं?" आम्ही वळून बघितलं. वाडी रेघेच्या कितीतरी वर होती. म्हणून ती बुडितात धरलेली नव्हती, म्हणून तिचं नावही यादीत नव्हतं. पण तिची पायवाट खोऱ्यातून येत होती. पाणी भरल्यावर वाडी कोरडी राहणार होती आणि तिच्यापर्यंत पोचायला वाट उरणार नव्हती. त्याच दिवशी वरिष्ठांनी तिथल्या एका खडकावर कागद ठेवून डोंगराच्या कडेने जाणारी रस्त्याची रेघ काढली. पेन्सिलीने काढली, आणि त्या तरुणाला म्हणाले, "आता तू सांग, दरड कुठं कोसळते." त्याने दोन जागा दाखवल्या. रेघ दोनदा खोडली गेली आणि तिसऱ्यांदा जिथे पडली तिथेच पुढे रस्ता झाला.

बोलण्याला अर्थ कधी असतो, ते मला त्या खडकापाशी समजलं. रेघ पेन्सिलीची असते तोवरच. खोडता येणाऱ्या रेघेपाशी बसून केलेली चर्चा माणसाच्या हातात काहीतरी देते. निविदा निघाली, कार्यादेश गेला, यंत्रं येऊन उभी राहिली, आणि मग मांडव घालून सभा घेतली, तर तिथे उरते फक्त खबर. खबर कितीही गोड शब्दांत दिली, रंगीत फलकावर छापली, त्यावर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र काढलं, तरी लोकांना ती खबर आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग ते आपलं म्हणणं बांधाआड, रस्त्यावर, न्यायालयात मांडतात. दुसरी जागा त्यांना आपण ठेवलेली नसते.

महाराष्ट्राच्या मातीत हा इतिहास खोल गेलेला आहे. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमापाशी टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पाचं धरण व्हायचं ठरलं, तेव्हा मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांची जमीन रीतसर घेतली जाण्याआधीच, त्यांना न विचारता, तिथे चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली होती. आपल्या शेतात परकी माणसं कुदळ मारताना दिसणं, हीच त्यांना मिळालेली पहिली बातमी. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजी, मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात सेनापती झाले आणि जन्मभर त्याच नावाने ओळखले गेले. धरण झालंच. मुळशीचं पाणी आजही सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि त्याची वीज मुंबईला उजळते. त्या विजेची गरज मी नाकारत नाही. माझी उपजीविका असल्याच कामांवर झाली. पण शंभर वर्षं उलटली तरी मुळशी म्हटलं की आपल्याला वीज आठवत नाही, सत्याग्रह आठवतो. न विचारता मारलेल्या त्या पहिल्या कुदळीची स्मृती धरणाइतकीच टिकाऊ निघाली.

स्वातंत्र्यानंतर कोयना झालं, उजनी झालं. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली गावं गेली आणि माणसं सातारा जिल्ह्यात, सांगली-सोलापूरकडे, रायगड-ठाण्याकडे पांगली. एकेका गावाची वेगवेगळ्या जिल्ह्यांत शकलं झाली. उजनीचं पाणी फार खाली गेलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक होड्यांतून दर्शनाला जातात. या विस्थापितांच्या चळवळीतून, बाबा आढावांसारख्यांच्या नेतृत्वाखाली, 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा आली. तिच्या रेट्याने १९७६ चा पुनर्वसनाचा कायदा झाला, नंतर १९८६ चा, मग १९९९ चा. पुनर्वसित गावठाणात १८ नागरी सुविधा द्यायच्या हे ठरलं. शाळा, पाणी, रस्ते, स्मशानभूमी, सारं यादीत आलं. या घोषणेत कामाचा क्रम सांगितलेला आहे. आधी काय आणि मग काय, हे अभियंत्याला रोज लागतं. पाया आधी, भिंत मग. लोकांनी आमच्याच भाषेत आम्हाला सांगितलं होतं की तुमच्या कामाचा क्रम चुकतो आहे.

इतकं असूनही कोयनेचे प्रकल्पग्रस्त साठ वर्षांनंतरही हक्काच्या जमिनीसाठी ठिय्या देऊन बसलेले आपण पाहिले. यामागे पुष्कळ कारणं आहेत. त्यांतलं एक आमच्या व्यवहारातलं आहे, आणि ते बाहेरच्यांच्या फारसं ध्यानात येत नाही. आमची बदली होते. तीन वर्षं एक उपअभियंता गावात येतो, लोकांच्या ओसरीवर चहा घेतो, "बघतो, करून देतो" म्हणतो आणि मनापासून म्हणतो. मग त्याची बदली होते. नवा येतो. गाव त्याला सांगतं की आधीचे साहेब असं म्हणाले होते. नवा फाइल चाळतो. फाइलमध्ये तो चहा नसतो, ते वाक्यही नसतं. गाव मात्र तेच असतं. त्याला प्रत्येक साहेबाचं प्रत्येक वाक्य पाठ असतं, कारण त्या वाक्यांवर त्याने मुलींची लग्नं ठरवलेली असतात, घराची डागडुजी थांबवलेली असते, विहिरीवर खर्च करायचा की नाही हे ठरवलेलं असतं. म्हणून माझे वरिष्ठ सभेला एक जाड वही नेत. कोण काय म्हणालं, आपण काय उत्तर दिलं, हे सभेतच लिहायचं, मोठ्याने वाचून दाखवायचं, खाली गावाच्या सह्या-अंगठे घ्यायचे, आपलीही सही करायची आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवायची. माणूस बदलला तरी शब्द बदलू नये, यासाठी एवढी खटपट.

कायद्याने आता यातलं पुष्कळ आपलंसं केलं आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तीस दिवस आधी सूचना, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, आणि शेवटी सगळ्या हरकतींचा गोषवारा लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा. सुनावणी होते ती मसुदा अहवालावर. लोकांनी काढलेले मुद्दे धरून मगच अंतिम अहवाल करायचा असतो. म्हणजे कायद्यालाही पेन्सिलीची रेघच अभिप्रेत आहे. शाईने ती आधीच गिरवून टाकायची आणि वर मसुदा असा शिक्का मारायचा, ही सवय आपण लावून घेतली आहे.

सुनावणीचा मांडव ज्याने पाहिला आहे त्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. पुढे टेबल, त्यावर पांढरं कापड, पाण्याच्या बाटल्या. मग खुर्च्यांच्या रांगा, पुढे पुढारी, मधे जमीनवाले, मागे उभे असलेले शेतमजूर, आणि मांडवाच्या कडेला, कनातीच्या सावलीत बायका. माइक ज्याच्या हातात जातो तो सरावलेला बोलणारा असतो. दुपारची वेळ, कामाचा दिवस; ज्याची मजुरी बुडते तो येतच नाही. जाडजूड अहवाल टेबलावर असतो आणि त्यातल्या कुठल्या पानावर आपलं घर आहे हे शोधायला कुणाला सवड नसते. एवढ्यात कडेची एखादी बाई माइकशिवायच काहीतरी बोलते, पाणंद बंद झाली तर डोक्यावर हंडा घेऊन रस्ता ओलांडायचा कसा असलं काही, आणि दिवसभरातलं सर्वांत कामाचं वाक्य ते असतं. ते वहीत उतरलं की नाही, यावर त्या सुनावणीची किंमत ठरते.

ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला नोटीस जाते. ज्याचं नाही त्याचं काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने इथे मोठं पाऊल टाकलं. जमीन नसली तरी त्या जमिनीवर आधीची तीन वर्षं राबणारा शेतमजूर, कूळ, कारागीर, आणि जंगलावर किंवा पाण्यावर पोट असणारा, मासेमार धरून, हेही बाधित कुटुंबांत मोजले जाऊ लागले. समुद्राचा तर सातबाराच नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने होडी जाते ती वाट कुठल्याच फेरफारात नोंदलेली नसते.

मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचं काम २०१८ साली सुरू झालं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीच्या सागरी सेतूच्या टोकापर्यंत, १०.५८ किलोमीटर. वरळीच्या बाजूला हा मार्ग सेतूला जोडणारे पूल समुद्रातून जाणार होते आणि त्यांचे खांब कोळीवाड्याच्या होड्यांच्या वाटेवर येत होते. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर धरलेलं होतं. होडी तर काही मीटर रुंद. मग ६० मीटर पुरायला काय हरकत, असं कागदावर कुणालाही वाटेल. पण होडी रस्त्यावरच्या गाडीसारखी रेघेत चालत नाही. ओहोटीची ओढ तिला एका अंगाला खेचते, वारा दुसऱ्या अंगाला, आणि पावसाळी लाट उचलते तेव्हा ती पुढे जाता जाता आडवीही सरकत असते. पहाटेच्या अंधारात एक आत येत असते, एक बाहेर निघालेली असते. मधेच इंजिन बंद पडलं तर ती पुढे कुठे जाईल हे पाणी ठरवतं. वरळीचा किनारा खडकाळ. पाण्याखालचे खडक टाळून जायची वाट ठरलेली असते आणि ती हवी तशी सरकवता येत नाही. सागरी सेतूच्या खांबांमधून ये-जा करण्याचा अनुभव या लोकांच्या गाठीशी होताच. त्यांनी बंदरात काम अडवलं, बैठका झाल्या, तज्ज्ञ आले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. मच्छीमारांची मागणी याहून मोठ्या अंतराची होती. तरीही समुद्रातल्या पुलाचा आराखडा कोळीवाड्याच्या अनुभवाने बदलला, ही गोष्ट आपल्या शहरांच्या इतिहासात ठळक लिहून ठेवण्यासारखी आहे.

मला या निर्णयाचा आनंद आहे आणि त्याबरोबर एक हुरहुरही आहे. होडी कशी सरकते हे ज्ञान २०२२ साली जन्मलेलं नव्हतं. आखणीच्या पहिल्या महिन्यात वरळीच्या क्लीव्हलँड बंदरावर एखादा अभियंता दोन पहाटा होडीत बसून गेला असता, तर त्याच्या वहीत ते आपोआप आलं असतं. तेव्हा खांब वगळायला खोडरबर पुरलं असतं. पुढे त्याच बदलासाठी कामबंदी लागली, नवं गणित लागलं, आणि दोन्ही बाजूंच्या मनांत कटुता साठली ती वेगळीच. लोकांशी बोलत बसलं तर वेळ जातो असं आमच्या क्षेत्रात सर्रास म्हणतात. वेळ जातोच. तो आधी द्यायचा की नंतर, एवढंच आपल्या हातात असतं, आणि नंतर द्यावा लागतो तो नेहमी जास्त असतो.

काम पुरं झाल्यावरही हे बोलणं संपत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी कालव्याचा कारभार आपल्या हाती घेतला. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरहून सुरू केलेल्या कामातून ते घडलं. अशा हस्तांतरणाआधी शेतकरी आणि अधिकारी मिळून कालव्यावरून चालत जातात. कुठे अस्तर फुटलं आहे, कुठलं दार अडकतं, कुठल्या चारीच्या शेपटाला पाणी पोचत नाही, हे सगळं बघत, एका यादीवर सह्या करत. ज्याने कालवा बांधला आणि ज्याला त्याचं पाणी घ्यायचं आहे ते दोघे एकाच भरावावरून, एकाच उन्हात चालतात. असल्या चालण्यातून जो विश्वास तयार होतो तो कुठल्याही माहितीपत्रकाने येत नाही.

या सगळ्यातून मला उमजलेलं शहाणपण फार गुंतागुंतीचं नाही. सभेची वेळ लोकांच्या दिवसावरून ठरवावी. सुगीत दुपारी सभा बोलावणं म्हणजे न येण्याची सोय करून देणं. बायकांशी वेगळं बसावं, कारण पाणी, सरपण, शाळा आणि वाट यांचा नकाशा त्यांच्या पायांत असतो. ज्यांच्या नावावर काही नाही त्यांच्या वस्तीवर आपण होऊन जावं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगावं. रागावलेल्या माणसाच्या बोलण्यातला राग ओसरू द्यावा आणि माहिती टिपून घ्यावी. माझ्या अनुभवात सर्वांत नेमकी माहिती सर्वांत चिडलेल्या माणसाकडेच होती, कारण त्याने त्या प्रश्नावर रात्री जागून काढल्या होत्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, परत जावं. तुम्ही हे म्हणालात, त्यातलं हे आम्ही बदललं, हे बदलता आलं नाही, आणि का आलं नाही त्याचं कारण हे, असं तोंडावर सांगायला जावं. ऐकून घेणारे पुष्कळ भेटतात. उत्तर घेऊन परत येणारे विरळा. त्या आजीला विहीर मिळाली नाही, पण उत्तर मिळालं होतं, आणि ते देणारा माणूस तिच्या विहिरीच्या काठावर उभा होता.

आमच्या प्रत्येक अंदाजपत्रकात माती परीक्षणाची बाब असते. चाचणी खड्डे किती, विंधन किती खोल, नमुने कुठे पाठवायचे, सगळ्याला दर आणि परिमाण लिहिलेलं असतं. ती बाब वगळली तर कुणीही वरिष्ठ त्या कागदावर सही करणार नाही. जमिनीखाली काय आहे हे न बघता पाया घालणं आम्ही अपराध मानतो. जमिनीवर कोण आहे हे बघण्याची बाबही तशीच लिहिलेली असावी, तिला दिवस नेमून द्यावेत, माणूस नेमून द्यावा, पैसे ठेवावेत, आणि गावाच्या सह्यांची ती वही जोडल्याशिवाय आराखडा पुढे सरकू नये, असं मला मनापासून वाटतं. एवढं केलं म्हणजे सगळी गावं आनंदाने हो म्हणतील असं नाही. काही ठाम नाही म्हणतील, आणि काही वेळा त्यांचंच बरोबर असेल. तेव्हा धरणाची जागा बदलावी, पुलाचा खांब वगळावा, प्रसंगी प्रकल्पच सोडून द्यावा, एवढं मन अभियंत्याने मोठं ठेवावं. आणि जिथे काम करावंच लागेल तिथे, घर सोडून जाणाऱ्या माणसाला आपल्याला आधी विचारलं होतं आणि खरं सांगितलं होतं, एवढं तरी ठाऊक असावं. तो त्याचा हक्क आहे, आणि आमच्या विद्येची ती पहिली पायरी आहे.